एक फांदीवर, बाकीचे पाचोळ्यात

सातभाई पक्ष्याकडे सहसा कोणी मुद्दाम बघत नाही. मातकट करडा रंग, विस्कटल्यासारखी पिसं, पिवळी चोच आणि दिवसभर चालणारी कचकच. शेताच्या बांधावर, सोसायटीच्या कुंपणाशी, देवळामागच्या चिंचेखाली, जिथे झाडं आणि पाचोळा आहे तिथे तो असतोच, म्हणून नजर त्याच्यावर ठरत नाही. पण एकत्र राहणारे प्राणी एकमेकांना जगवतात म्हणजे नेमकं काय करतात, हे दुर्बिणीशिवाय बघायचं असेल, तर याच्याइतका सोयीचा पक्षी दुसरा नाही.

थवा बहुधा सहा ते दहा जणांचा. कधी तीन-चारच, कधी वीसपर्यंत. वर्षभर तेच पक्षी बरोबर असतात. त्यांची हद्द ठरलेली असते, आणि शेजारचा थवा आत आला की दोन्हीकडून कडाक्याचं भांडण होतं. थव्यातले बहुतेक एकमेकांचे नातलग असतात. आईबाप, गेल्या वर्षीची पिल्लं, त्याआधीची पिल्लं, असं ते घर असतं.

सकाळी थवा खाली उतरतो तेव्हा नीट बघावं. पक्षी चालत नाहीत, टुणटुण उड्या मारतात. चोच पानाखाली घालायची, पान बाजूला उडवायचं, खाली दडलेला किडा, अळी किंवा कोळी उचलायचा, की पुढचं पान. या कामात डोकं सतत खाली असतं आणि मेंदूही त्या चार बोटं जागेत गुंतलेला असतो. धोका आहे तो इथेच. सातभाईचे पंख आखूड आणि गोलसर, उडणं जेमतेम; थोडं फडफडायचं, थोडं तरंगायचं, की आलं पुढचं झुडूप. उघड्यावर शिक्र्याने गाठलं तर वेगाच्या जोरावर सुटणं अवघड. त्याची सगळी मदार शिक्रा दोन क्षण आधी दिसण्यावर असते, आणि डोकं खाली घालून पोट भरणाऱ्याला तो दिसणार कसा?

म्हणून एक जण वर जातो. थवा पाचोळ्यात शिरला की बऱ्याचदा एखादा पक्षी जवळच्या उंच, मोकळ्या फांदीवर जाऊन बसतो. खात नाही, पिसं साफ करत नाही. मान इकडे वळव, तिकडे वळव, आभाळ बघ. काही दिसलं की तो ओरडतो आणि खालचे सगळे झुडपात शिरतात. थोड्या वेळाने तो खाली येतो आणि कधी दुसरा त्याची जागा घेतो.

या पहाऱ्याचा हिशोब उलगडला तो आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात, सातभाईंसारख्याच थव्याने राहणाऱ्या काळ्या-पांढऱ्या बॅब्लर पक्ष्यांवरच्या अभ्यासात. तिथला पहारेकरी धोका नसतानाही हळू आवाजात बोलत राहतो. वर कोणीतरी आहे, एवढंच त्यातून खालच्यांना कळतं. संशोधकांनी तो आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवला, तेव्हा खालच्या पक्ष्यांनी मान वर करणं कमी केलं, ते एकमेकांपासून लांब पांगले आणि त्यांना जास्त किडे मिळाले. म्हणजे पहाऱ्याने जीव तर वाचतोच, शिवाय पोटही जास्त भरतं. मला हा दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोठा वाटतो. शिक्रा काही रोज झडप घालत नाही, भूक मात्र रोज लागते.

विश्वास आला की त्यावर जगणारेही येतात. कलहारीतला कोतवाल याच पक्ष्यांच्या आसपास बसतो आणि खरा ससाणा आला की खरोखरच इशारा देतो. पण कोणी मोठा किडा खणून काढला की तो खोटाच इशारा देतो, पक्षी किडा टाकून पळतो आणि कोतवाल तो उचलतो. त्याच्या दिवसभराच्या अन्नातला जवळजवळ पाव भाग असा चोरीचा असतो. एकाच आवाजाला पक्षी फसेनासे झाले, तर तो दुसऱ्या जातीच्या पक्ष्याच्या इशाऱ्याची नक्कल करतो. तरीही थवे त्याचं ऐकतात, कारण खरा इशारा दुर्लक्षून चुकणं प्राणावर बेततं आणि खोट्यावर विश्वास ठेवून चुकणं एका किड्यावर भागतं.

आता खरा प्रश्न. वर बसणारा उपाशी राहतो आणि खालचे खातात, मग वर जायचं कोणी आणि का? इस्रायलचे अमोत्झ झहावी यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीपासून हत्झेवा या वाळवंटी भागात अरबी सातभाईंच्या पायात रंगीत कड्या घालून एकेक पक्षी ओळखीचा केला आणि वर्षानुवर्षं पाहिला. त्यांचं म्हणणं असं, की पहारा देणं आणि दुसऱ्याला घास भरवणं हे थव्यातला मान मिळवण्याचे मार्ग आहेत. मला हे परवडतं, असं पक्षी दाखवत असतो. पुढे त्याच पक्ष्यांवर एक साधा प्रयोग झाला. काहींना जादा खाऊ घातलं, आणि ते पहाऱ्यावर जास्त वेळ बसू लागले. पोट भरलेल्याला खाली फार काही मिळवायचं उरत नाही, आणि वर बसलेल्याला धोका स्वतःलाही आधी दिसतो. म्हणजे भरल्या पोटी पहारा देणं त्याच्याही सोयीचंच. भूक लागली की तो उतरतो. तोवर दुसऱ्या कोणाचं पोट भरलेलं असतं. पाळी कोणी लावून देत नाही, तरी ती लागते. झहावींनी पाहिलेली मानापमानाची धडपड मी खोटी म्हणणार नाही, पण पहाऱ्याची घडी बसवायला हा पोटाचा हिशोब मला जास्त पटतो.

धोका जमिनीवरचा असेल, साप किंवा मांजर, तर वागणं बदलतं. लपण्याऐवजी सगळे जमतात, शेपट्या फिसकारून कल्लोळ करतात, त्या जनावराच्या डोक्यावरच्या फांद्यांवरून हलत नाहीत. दबा धरणाऱ्याची सगळी ताकद न दिसण्यात असते. ती गेली की त्याला निघून जावं लागतं.

दुपारच्या उन्हात थवा सावलीत विसावतो, तेव्हा अगदी जवळून बघण्यासारखी गोष्ट घडते. एक जण दुसऱ्याला चिकटून बसतो, मान खाली घालतो आणि मानेची पिसं फुलवतो. दुसरा चोचीच्या टोकाने ती एकेक करून विंचरतो. डोकं आणि मान याच जागा अशा आहेत जिथे स्वतःची चोच पोचत नाही, आणि पिसांतल्या उवा नेमक्या तिथेच टिकतात. थोड्या वेळाने मान पुढे करण्याची पाळी दुसऱ्याची असते.

घरट्याच्या दिवसांत मदतीचं सगळ्यात खर्चाचं रूप दिसतं. झाडाच्या मधल्या उंचीवर, दाट पानांत घरटं असतं आणि त्यात तीन-चार गडद निळी-हिरवी अंडी. अंडी बहुधा एकाच जोडीची असतात, पण पिल्लं बाहेर आली की थव्यातले इतरही चोचीत अळ्या घेऊन येतात. ए. जे. गॅस्टन यांनी 1970च्या दशकात दिल्लीत सातभाईंचा अभ्यास केला. त्यांच्या कामावरून हे घर कसं चालतं ते बरंच कळलं. पिल्लं उडू लागली तरी थवा सोडत नाहीत. माद्या साधारण दोन वर्षांनी दुसरीकडे जातात. स्वतःची वीण सुरू होते ती तिसऱ्या वर्षानंतर. मधल्या काळात ती तरुण मंडळी धाकट्या भावंडांना भरवतात.

विल्यम हॅमिल्टन यांनी 1964 साली मांडलेलं गणित इथे लागू पडतं. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा वारसा समान असतो, स्वतःच्या पिल्लाशीही तेवढाच. तेव्हा स्वतःची वीण शक्य नसताना भावंडं जगवली, तरी आपल्यातलं बरंच काही पुढे जातं. दुसरं कारण जागेचं. चांगल्या हद्दी आधीच व्यापलेल्या असतात, आणि एकट्याने बाहेर पडून टिकणं कठीण. घरी राहिलं तर पहाऱ्याचा लाभ मिळतो, हद्द ओळखीची होते आणि पुढेमागे इथेच जागा मिळण्याची आशा राहते.

मात्र भरवणारा पक्षी नात्याची खात्री करून घेत नाही. आपल्या घरट्यातली उघडी चोच दिसली की घास घालतो. चातक याचाच फायदा घेतो. पावसाच्या सुमारास तो आपल्याकडे येतो. नर थव्यासमोर जाऊन सगळ्यांना स्वतःमागे पळवतो, तेवढ्यात मादी घाईने घरट्यात अंडं घालते. अंडंही निळंच असतं. चातकाचं पिल्लू घरातल्या पिल्लांना बाहेर ढकलत नाही, त्यांच्याबरोबर वाढतं. घरट्याबाहेर पडल्यावरही त्याला भरवायला सातभाईंचा सगळा थवा असतो. जी सवय भावंडांना जगवते, तीच परक्यालाही जगवते. पावशाही सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो.

पावसाळा सरत आला की थवा अंगणात उतरेल, तेव्हा डोळ्यांकडे बघा. मोठ्यांचे डोळे फिकट, दुधी-पिवळे असतात. त्या वर्षीच्या पिल्लांचे काळपट. काळपट डोळ्यांचा एखादा पंख थरथरवत घास मागत असेल, तर फिकट डोळ्यांचे किती जण त्याच्याकडे येतात ते मोजता येईल. आणि मागणाऱ्याच्या डोक्यावर शेंडी असेल, पंखावर पांढरा ठिपका असेल, तर ते चातकाचं पिल्लू.