साबणाचा चाचणी घाणा : का बिघडतो, कसा सुधारतो

अनंत चतुर्दशी ते नरक चतुर्दशी हे अंतर ४५ तिथींचे, म्हणजे साधारण सहा आठवड्यांचे. थंड पद्धतीने, म्हणजे न शिजवता, केलेली साबणाची वडी मुरायलाही तेवढाच काळ लागतो. अभ्यंगस्नानाला घरचा साबण हवा असेल तर तो अनंत चतुर्दशीपर्यंत साच्यात पडलेला हवा. चाचणीचा घाणा त्याहून आधी, म्हणजे ऐन पावसाळ्यात काढावा लागतो. गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या मुळगावसारख्या गावात नेमकी इथेच पंचाईत होते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात आषाढ-श्रावणातली हवा इतकी ओली असते की मीठसुद्धा कोरडे राहत नाही. कोरड्या, थंड देशांतल्या सूचना जशाच्या तशा इथे वापरल्या की साबण बिघडतो आणि करणाऱ्याला वाटते, आपला हातच वाईट.

हात वाईट नसतो. बिघडलेल्या प्रत्येक घाण्याला कारण असते आणि ते बहुतेक वेळा वडीवर दिसतही असते. केळबाई देवीच्या मुळगावाला लागून शिरगाव, अस्नोडा, मये ही गावे. भोवती माडांच्या बागा, भिरंडीची म्हणजे कोकमाची झाडे, खाली लोहखनिजाची तांबडी जमीन. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातली ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली आणि या भागातल्या पुष्कळ घरांना उत्पन्नाची दुसरी वाट शोधणे भाग पडले. अशा घरांना साबण हा चांगला घरगुती उद्योग आहे. तेल दारातले, यंत्रे थोडी, माल टिकाऊ. पण तो नीट शिकून करायला हवा.

रसायन थोडक्यात

तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. चरबी म्हणजे मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांची जोडणी, हे फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल यांनी उलगडून दाखवले. त्यांचा ग्रंथ १८२३ चा. पुष्कळ मोठ्या कारखान्यांत ग्लिसरीन वेगळे काढून घेतले जाते. थंड पद्धतीत ते वडीतच राहते. घरच्या साबणाचा मऊपणा त्यातूनही येतो आणि पावसाळ्यातली एक मोठी तक्रारही त्यातूनच उद्भवते.

प्रत्येक तेलाची सोड्याची भूक वेगळी. १००० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८३ ग्रॅम सोडा लागतो, तिळेलाला १३४, कोकमतेलाला १३५, एरंडेलाला १२८. खोबरेलातली मेदाम्ले आखूड असतात, म्हणून तेवढ्याच वजनात त्यांची संख्या अधिक आणि सोडाही अधिक. एका तेलाऐवजी दुसरे वापरले आणि सोडा तोच ठेवला तर घाणा बिघडणारच. ‘वाटीभर तेल, चमचाभर सोडा’ असा हिशोब इथे चालत नाही. पाण्यासकट सगळे काही वजनावर घ्यावे.

घाणा केवढा असावा?

चाचणीला ५०० ग्रॅम तेल घ्यावे. एक सोपा मेळ असा : खोबरेल २५० ग्रॅम, तिळेल १५०, कोकमतेल ७५, एरंडेल २५. या तेलांना पूर्ण साबण व्हायला सुमारे ७९ ग्रॅम सोडा लागेल. पाच टक्के तेल मोकळे राहावे म्हणून सोडा ७५ ग्रॅम घ्यायचा आणि पाणी त्याच्या दुप्पट, १५० ग्रॅम.

या हिशोबातले मर्म चार ग्रॅममध्ये आहे. सौम्य वडी आणि कातडी जाळणारी वडी यांत इथे एवढेच अंतर आहे. पाच-पाच ग्रॅमने पुढे सरकणारा काटा म्हणूनच निरुपयोगी. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा काटा हवा. तेल वाचवायला १०० ग्रॅमचा घाणा घेतला तर ते अंतर एका ग्रॅमच्याही आत येते आणि काट्यातली किरकोळ चूकसुद्धा साबण बिघडवते. फार छोटी चाचणी फसवी ठरते ती यामुळे.

सुरक्षेत तडजोड नको. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचे नाही. द्रावण क्षणात ८० अंशांच्या पुढे तापते आणि वाफ घशाला झोंबते, म्हणून काम मोकळ्या हवेत करावे. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे, जवळपास लहान मूल नाही, हे आधी पाहावे. भांडे स्टेनलेस स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे. अॅल्युमिनियमचा टोप अजिबात चालत नाही. सोडा तो खातो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो. द्रावण अंगावर उडाले तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली धरावे, व्हिनेगर किंवा लिंबू चोळू नये. डोळ्यात गेले तर पाण्याने धूत राहून थेट डॉक्टर गाठावा.

ढवळताना दिसणारे दोष

मिश्रण इडलीच्या पिठाइतके दाट झाले आणि चमच्याने सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर टिकली की ते साच्यात ओतायला तयार. साबण करणारे याला ‘ट्रेस’ म्हणतात. ही अवस्था येतच नसेल तर तीन शक्यता तपासाव्यात : पाणी जास्त पडले, मिश्रण गार झाले किंवा सोडा कमजोर आहे.

तिसरी शक्यता गोव्यात नेहमी आधी पाहावी. कॉस्टिक सोडा हवेतली ओल ओढतो, शिवाय कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू धुण्याच्या सोड्यात बदलतो. श्रावणात डबा नीट बंद न केल्यास त्यात गोळे होतात. अशा सोड्याचे ७५ ग्रॅम म्हणजे खऱ्या सोड्याचे ७५ ग्रॅम नव्हेत. तेल उरते, वडी मऊ आणि तेलकट राहते. गोळे झालेला सोडा साबणाला वापरू नये. लहान पाकिटे घ्यावीत आणि उघडलेले घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

याच्या उलट दोष म्हणजे खोटी दाटी. कोकमतेल ४० अंशांच्या आसपास वितळते. तेले त्याखाली गार झाली की ते गोठू लागते आणि मिश्रण तयार झाल्यासारखे दिसते. ओतल्यावर तासाभरात तेल वर, सोड्याचे पाणी खाली. यासाठी कोकमतेल असलेल्या घाण्यात तेल आणि द्रावण दोन्ही ४५ अंशांजवळ असावीत. घरी भिरंडीच्या बिया कुटून, उकळून काढलेल्या तेलाच्या गोळ्यांत पाणी आणि कण राहतात. ते पुन्हा वितळवून, गाळून, पाणी पूर्ण आटवूनच वजन करावे.

सुगंधी तेल घालताच मिश्रण भांड्यातच गच्च झाले तर दोष बहुधा त्या सुगंधाचा. लवंग आणि दालचिनीच्या पानांच्या तेलातले युजेनॉल क्रिया झपाट्याने पुढे नेते. पातीचहा किंवा वाळ्याचे तेल तुलनेने शांत. गच्च झालेला घाणा फुकट जात नाही. तो जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर शिजवून साच्यात दाबून भरावा. दिसायला ओबडधोबड, वापरायला उत्तम.

साच्यातले दोष

ओतलेले मिश्रण स्वतःच तापते. मध्यभाग अर्धपारदर्शक होतो, याला जेल अवस्था म्हणतात. ती मध्ये आली आणि कडांना आली नाही तर कापलेल्या वडीत गडद वर्तुळ दिसते. हा केवळ दिसण्यातला फरक. साचा जाड टॉवेलमध्ये गुंडाळला की रंग एकसारखा येतो.

चाचणीची एक मर्यादा इथे ध्यानात ठेवावी. लहान साच्यातली उष्णता लवकर निघून जाते, मोठ्या साच्यात ती साठते. ५०० ग्रॅमला सुरेख जमलेली कृती पाच किलोला फुगून मध्ये चिरू शकते. गूळ, मध, नारळाचा रस किंवा दूध घातले असेल तर धोका वाढतो, कारण साखर उष्णता वाढवते. नारळाचा रस बर्फासारखा गोठवून त्यात सोडा थोडा थोडा घालावा आणि असा साचा गुंडाळू नये. माडाची सूर वापरायची तर आधी उकळून वायू आणि मद्यार्क घालवावा, नाहीतर द्रावण उसळून भांड्याबाहेर येते.

घरच्या माडांचे तेल आहे म्हणून नुसत्या खोबरेलाचा साबण करावासा वाटतो. तो टणक होतो, खाऱ्या पाण्यातही फेस देतो. पण कातडीवरचा ओलावा ओरबाडून नेतो. त्यात पाचऐवजी वीस टक्के तेल मोकळे ठेवावे, म्हणजे १००० ग्रॅमला १४६ ग्रॅम सोडा. तो फार लवकर टणक होतो, म्हणून त्याच दिवशी कोमट असताना, हातमोजे घालून कापावा. दुसऱ्या दिवसावर ठेवला तर सुरीखाली तुकडे पडतात.

वडीवरचे डाग

वरचा पांढरा, पिठासारखा थर बहुधा निरुपद्रवी असतो. उघड्या पृष्ठभागावरचा सोडा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून तो बनतो. वाफ दाखवून ओल्या फडक्याने पुसला की जातो. वडी मात्र आतपर्यंत खडूसारखी ठिसूळ असेल किंवा तिच्यात पांढरे खडे, पाण्याचे कप्पे असतील तर सोडा जास्त झाला किंवा नीट मिसळला नाही. फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकून पाहावे. फिकट गुलाबी छटा चालते, गडद गुलाबी रंग आला तर वडी अंगाला लावू नये. सोड्याचा हिशोब पुन्हा मांडून, कमी पडलेले तेल घालून ती शिजवता येते. जिभेने चाखून पाहण्याची जुनी चाल मी कुणालाच सुचवणार नाही.

पावसाळ्यात वडीला घाम फुटतो. ग्लिसरीन हवेतली ओल ओढते आणि पृष्ठभागावर थेंब उभे राहतात. साबण बिघडलेला नसतो. जाळीवर अंतर राखून मांडावा, पंख्याची हवा द्यावी. फ्रिजमध्ये ठेवू नये. बाहेर काढताच दुप्पट घाम येतो.

नारिंगी डागांची गोष्ट वेगळी. ते तेल खवट होण्याचे लक्षण आहे आणि लोह, तांबे यांचा अंश त्याला गती देतो. जांभ्या दगडाच्या आणि लोहखनिजाच्या पट्ट्यात विहिरीच्या पाण्यात लोह उतरू शकते. पाणी साठवलेल्या पांढऱ्या बादलीला तांबूस थर धरत असेल तर ते पाणी साबणाला नको. खात्रीचे डिस्टिल्ड पाणी वापरावे. तेल ताजे असावे, तिळेल-शेंगदाणा तेलाचा वाटा मर्यादित ठेवावा, वड्या गंजक्या जाळीवर किंवा पितळी ताटात ठेवू नयेत. सायट्रिक अॅसिड धातूंना बांधून ठेवते. ५०० ग्रॅम तेलाला ते ५ ग्रॅम पुरे, मात्र ते सोडाही खाते, म्हणून सुमारे ३ ग्रॅम सोडा वाढवावा.

रंगाचा अपेक्षाभंग

कोकमाच्या आगळाचा लाल रंग साबणात टिकत नाही. तो रंग आंबट द्रवातच लाल राहतो, सोड्यात हिरवट होऊन शेवटी तपकिरी पडतो. आगळातले आम्ल सोडा खाते, त्यामुळे वडीही मऊ होते. भिरंडीने साबणात यावे ते तेलाच्या रूपाने. हळद सोड्यात लालसर होते, पुढे पिवळट तपकिरी दिसते आणि उजेडात फिकी पडते. गुलाबी छटेला मंजिष्ठ बरी. विटकरी रंगाला सौंदर्यप्रसाधनांसाठी शुद्ध केलेली गेरूची पूड घ्यावी, खाणीजवळची माती नको. उटणे घालायचे तर मलमलीतून चाळून, ५०० ग्रॅम तेलाला एक चमचा. भरड राहिले तर अंग खरचटते.

वही आणि परवाना

एका घाण्यात एकच गोष्ट बदलावी. तेलही बदलले, पाणीही कमी केले आणि सुगंधही नवा घातला, तर दोष कुणाचा हे कळणार नाही. प्रत्येक घाण्याची तारीख, वजने, दोन्ही तापमाने, त्या दिवसाची हवा आणि सोड्याचे पाकीट उघडल्याचा दिवस लिहावा. एक वडी दर आठवड्याला तोलावी. वजन घटायचे थांबले की ती मुरली. कोरड्या दिवसांत याला चार ते सहा आठवडे लागतात, पावसात त्याहून अधिक.

विकायचे ठरवल्यास सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार उत्पादनाचा परवाना लागतो. गोव्यात त्यासाठी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जावे. बचत गटांनी ही चौकशी यंत्रे घेण्याआधीच करावी.

माड आणि भिरंड असलेल्या गावाने अंगाला लावायचा साबण बाहेरूनच आणत राहावा, हे मला पटत नाही. कच्चा माल आपल्याकडे आहे, रसायन अवघड नाही, चुका सुधारता येतात. या दिवाळीनंतर कोरडी हवा सुरू होईल. पहिली चाचणी तेव्हाच घ्या, पावसाळ्यात दुसरी घ्या, दोन्हींच्या नोंदी शेजारी ठेवून वाचा. बिघडलेली वडी फेकण्याआधी ती का बिघडली हे वहीत लिहा, आणि ती वही शेजारणीलाही दाखवा.