चौसष्ट घरे आणि उरलेला भात

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत गेले की ६४ घरांत मिळून १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे होतात. ही २० अंकी संख्या म्हणजे २ चा ६४वा घात वजा १. तिला ३ ने, ५ ने आणि ६४१ नेही भाग जातो. तिचा एक विभाजक, २ चा ३२वा घात अधिक १, ही मूळ संख्या असावी असे गणितज्ञ फर्मा यांना वाटत होते. तिला ६४१ ने भाग जातो, हे ऑयलर यांनी १७३२ मध्ये दाखवून दिले.

आरोग्याच्या दृष्टीने मात्र या पटाचा दुसरा गुणधर्म महत्त्वाचा आहे. चौथ्या घरात ८ दाणे असतात आणि आधीच्या तीन घरांत मिळून ७. पुढेही हेच घडते. प्रत्येक नव्या घरात, आधीच्या सगळ्या घरांतल्या एकूण दाण्यांपेक्षा एक दाणा जास्त असतो. म्हणजे बराच काळ काहीच घडत नाही असे वाटते आणि मग अचानक सगळे हाताबाहेर जाते.

जिवाणूही असेच वाढतात. पोषक अन्न आणि ऊब मिळाली की काही जिवाणू सुमारे २० मिनिटांत एकाचे दोन होतात. या वेगाने एका जिवाणूचे दोन तासांत ६४, चार तासांत ४,०९६ आणि सहा तासांत अडीच लाखांहून अधिक जिवाणू होतात. प्रत्यक्षात अन्न संपते, आम्ल साचते आणि वाढ थांबते. पण तोवर आजारी पडण्याइतकी संख्या झालेली असू शकते.

रात्री ओट्यावर राहिलेला भात हे याचे घरगुती उदाहरण. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाच्या उष्णतेतही तग धरतात. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष सकाळच्या फोडणीने नष्ट होत नाही. भाताला वास येत नाही, चवही बिघडलेली नसते. पण खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होऊ शकतात.

म्हणून पहिली काही घरे ओलांडण्याआधीच वाढ रोखावी. उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर गार करावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. कडक उन्हाळ्यात तासाभरातच. फ्रिजमध्ये जिवाणू मरत नाहीत, त्यांचा वेग फक्त मंदावतो. त्यामुळे तो भात दुसऱ्या दिवशी संपवावा आणि चांगला वाफ येईपर्यंत एकदाच गरम करावा. रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकून द्यावा.

उलट्या झाल्यास ओआरएस घोट घोट द्यावे. लघवी कमी होणे, गुंगी येणे किंवा शौचातून रक्त जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णालय गाठावे. लहान मुले आणि वृद्धांच्या बाबतीत तर अजिबात वाट पाहू नये.