कडेसाठी सँडर घेताना

मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोली नाक्याच्या आजूबाजूला गोदामांची रांगच लागली आहे. भिवंडी म्हणजे यंत्रमाग आणि कापड, ही आमची जुनी ओळख. आता याच परिसरातील गोदामांत कारखान्यात तयार झालेले, खोक्यात बांधलेले फर्निचरही उतरते. त्याच्या कडांवर मशीनने पट्टी चिकटवलेली असते, त्यामुळे त्या सरळ व गुळगुळीत दिसतात. आमच्या सुतार बांधवाचे कपाट त्याहून मजबूत असले तरी गिऱ्हाइकाचा हात आधी कडेवरून फिरतो आणि भाव तेथेच ठरतो. म्हणून कड घासण्याचे मशीन विचार करूनच घ्यावे.

बाजारात पुष्कळजण जास्त वॅटचे मशीन मागतात. कडेच्या कामात हा हिशेब उलटा पडतो. प्लायच्या फळीवर मशीनला टेकायला भरपूर जागा असते. कड मात्र १८ किंवा १९ मिलिमीटरचीच. तेथे मशीन जरा डोलले की कोपरा गोल होतो. व्हिनिअरची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. कोपऱ्यावरचे व्हिनिअर उडाले आणि खालची प्लाय दिसू लागली, तर पॉलिशने ती झाकत नाही. फळी बदलावी लागते. कडेला ताकदीपेक्षा ताबा महत्त्वाचा.

त्यामुळे आधी आपले काम कोणते ते पाहावे. सागवानासारख्या भरीव लाकडाच्या सरळ कडा रोज काढायच्या असतील तर बेल्ट सँडर उपयोगी. मात्र तो आडवा करून स्टँडवर पक्का बसवता येतो का, हे दुकानातच विचारावे. मशीन स्थिर असावे, फळी काटकोनातल्या आधाराला टेकवून बेल्टच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकवावी. हातात धरलेला बेल्ट सँडर कडेवर चालवणे जोखमीचे.

व्हिनिअरच्या कामाला लाकडी पट्टी लावली असेल तर ती आधी रंध्याने किंवा ट्रिमरने समपातळीत आणावी. शेवटची सफाई १२५ मिलिमीटरच्या रँडम ऑर्बिटल सँडरने करावी. त्याचे पॅड कडक घ्यावे. मऊ पॅड कोपऱ्यावरून खाली वळते. वेग कमी करण्याचे बटन असेल तर उत्तम. लहान कारखान्याला आयताकृती पॅडचा हलका ऑर्बिटल सँडरही पुरतो. सनमायकाच्या कडेला सँडर लावूच नये, कानसच बरी. ग्राइंडरला कागदी चकती लावून कड घासण्याची रीत सोडावी. ती चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते आणि क्षणात खड्डा पाडते.

आम्ही कापडाच्या धंद्यातले, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. बेल्टची पाठ कापडाचीच असते. 'एक्स' वजनाचे कापड जाड व ताठ असते, ते सरळ कडेला चालते. 'जे' वजनाचे कापड लवचीक, ते गोलाईच्या कामाला घ्यावे. पेपरचे नंबर ८०, १२०, १८० असे क्रमाने वापरावेत. मधला नंबर वगळला तर ओरखडे राहतात आणि पॉलिश लावल्यावर उघडे पडतात. प्लायची उघडी कड पॉलिश जास्त पिते. तिला एक नंबर बारीक पेपर द्यावा.

खरेदीपूर्वी आपल्याच प्लायचा तुकडा दुकानात न्यावा. कडेला लागून वरच्या बाजूस पेन्सिलीने रेघा ओढाव्यात आणि कड घासून पाहावी. रेघा पुसल्या तर मशीन डोलते असे समजावे. नंतर गुण्या लावून काटकोन तपासावा. पिशवी, बेल्ट व कार्बन ब्रश जवळच्या दुकानात मिळतात का, हेही विचारावे.

धुळीकडे दुर्लक्ष करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. नाकाचा कर्करोग त्यातून होतो. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही, एन-९५ मास्क लावावा. लाकडातल्या खिळ्यावर बेल्ट घासला तर ठिणगी धुळीच्या पिशवीत जाऊन आत धुमसत राहू शकते. आमच्याकडे शेजारच्या गाळ्यात कापडाच्या गाठी असतात. म्हणून खिळे आधी काढावेत आणि पिशवी रोज संध्याकाळी बाहेर रिकामी करावी.

महागडे मशीन घेतल्याने कोणी उस्ताद होत नाही, पण चुकीचे मशीन चांगल्या उस्तादाचेही नाव घालवते. गिऱ्हाइकाने दिलेले लाकूड आपल्याकडे अमानत आहे. ते वाया न घालवता नेटके काम करून दिले तर रोजीत बरकत होईल, इन्शाअल्लाह.