गोड्या पाण्यातील क्षारवाढ आणि सूक्ष्मजीवांची उत्क्रांती : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
शीत प्रदेशांत रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकले जाते व ते वाहत जाऊन नद्या, तळी खारट करते. परभणीत बर्फ पडत नाही. येथे क्षारवाढीची वाट निराळी आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालील भारी काळ्या जमिनीत निचरा मंद असतो. अतिसिंचनाने भूजलपातळी वर येते, बाष्पीभवनाने क्षार पृष्ठभागी साचतात आणि जमीन खारवट वा चोपण बनते. पावसाच्या व पाझराच्या पाण्याबरोबर हेच क्षार ओढ्या-विहिरींत उतरू शकतात. अशा पाण्यातील सूक्ष्मजीव कसे बदलतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अनुकूलन व उत्क्रांती :
पाणी खारट झाले की परासरणामुळे पेशीतील पाणी बाहेर जाते. ते रोखण्यासाठी अनेक शैवाले ग्लिसरॉल, तर कित्येक जीवाणू बीटाईन वा एक्टोईन साठवितात आणि सोडियम बाहेर टाकतात. यासाठी ऊर्जा खर्ची पडते. हा झाला तात्कालिक प्रतिसाद. ज्या पेशींत ही क्षमता आनुवंशिक असते, त्यांचीच संतती पुढील पिढ्यांत वाढते, तेव्हा उत्क्रांती घडते. ग्रॅहम बेल व अँड्र्यू गोन्झालेझ यांनी २००९ मध्ये यीस्टवरील प्रयोगांतून दाखविले की, मारक क्षारतेतून सावरण्याची शक्यता मोठ्या समूहांत अधिक असते. लहान समूह बहुधा नष्ट होतात.

लोणारचा दाखला :
जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण हॅलोआर्किया हे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. परंतु हे जीव मुळातच क्षारप्रिय कुळातील आहेत. गोड्या पाण्यातील जीव अल्पावधीत त्यांची जागा घेतील, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

निष्कर्ष :
सूक्ष्मजीव टिकले म्हणजे पाणी निरोगी राहिले, असे नव्हे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिका व युरोपातील प्रयोगांत, लिटरला २३० मिलिग्रॅम क्लोराईड या अमेरिकी मर्यादेच्या आतच अनेक ठिकाणी प्राणिप्लवक घटले. त्यांचे भक्ष्य असलेली शैवाले बऱ्याच ठिकाणी वाढली. भारतीय पेयजल मानकातील स्वीकार्य मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे. म्हणजेच पिण्यास चालणारे पाणी जलजीवांना मानवेलच असे नाही. म्हणून महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी क्लोराईड व विद्युतवाहकतेच्या मोजणीबरोबरच प्लवकांची ऋतुनिहाय गणनाही करणे अगत्याचे आहे.