घरगुती निर्जंतुकीकरणासाठी अतिनील किरण : उपयोग आणि मर्यादा

काशीमीरा येथील माझ्या चिकित्सालयात काही काळापूर्वी एक गृहिणी व तिचा मुलगा एकाच तक्रारीसह आले. डोळे लाल, सतत अश्रुस्राव, वाळू गेल्याप्रमाणे टोचणे आणि प्रकाश असह्य होणे. नेत्राभिष्यंद म्हणावा, तर चिकट स्राव नव्हता आणि दोघांनाही एकाच रात्री त्रास सुरू झाला होता. अधिक विचारणा करता कळले की, खोली जंतुमुक्त करण्यासाठी आणलेला अतिनील दिवा आदल्या सायंकाळी लावून दोघे त्याच्या उजेडातच बसले होते. नेत्रतज्ज्ञांकडे पाठविल्यावर दोन दिवसांत आराम पडला. अशी उपकरणे घरोघरी पोहोचली असल्याने त्यांची माहिती वैद्य व औषधविक्रेते या दोघांनाही असणे अगत्याचे आहे.

अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन गट पडतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटर हा 'अ', २८० ते ३१५ हा 'ब' आणि १०० ते २८० हा 'क' गट होय. जंतुनाशक दिव्यांत प्रामुख्याने 'क' गटातील २५४ नॅनोमीटरचे किरण असतात. ते जंतूंच्या डीएनएची रचना बिघडवितात व त्यांचे पुनरुत्पादन थांबवितात. सूर्यप्रकाशाने जीवाणूंची वाढ रोखली जाते, हे डाउन्स व ब्लंट यांनी १८७७ साली दाखविले. प्रकाशचिकित्सेसाठी फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चरकसंहितेतील हंसोदकाचे वर्णन आपणांस परिचित आहेच. तथापि सूर्याचे 'क' किरण ओझोनच्या थरात शोषले जातात व भूपृष्ठापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे हंसोदकाचा दाखला देऊन या दिव्यांची शिफारस करणे शास्त्राला धरून होणार नाही.

एप्रिल २०२० मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत एका मोठ्या खोलीस ॲल्युमिनियमचे पत्रे लावून अवजारे व कपडे यांच्या निर्जंतुकीकरणासाठी अतिनील कक्ष तयार करण्यात आला. त्याच वर्षी संरक्षण संशोधन व विकास संस्थेने खोल्यांसाठी ४३ वॉटचे सहा दिवे असलेला मनोरा विकसित केला. बारा बाय बारा फुटांच्या खोलीस सुमारे दहा मिनिटे लागतात, असे संस्थेने सांगितले. खोलीचे दार चुकून उघडल्यास वा कोणी आत आल्यास हे उपकरण आपोआप बंद होते. घरगुती दिव्यांत अशी योजना असेलच असे नाही.

या किरणांच्या मर्यादा लक्षात ठेवाव्यात. ते सरळ रेषेत जातात. सावलीतील, धुळीखालील वा घडीतील जंतू सुरक्षित राहतात. साधी काच त्यांना अडविते. अंतर वाढताच तीव्रता झपाट्याने घटते. म्हणून हातातील कांडी गादीवरून क्षणभर फिरविल्याने फारसे साधत नाही. घरातील जलशुद्धीकरण यंत्रात मात्र पाणी दिव्याच्या अगदी जवळून वाहते, म्हणून तेथे उपयोग होतो. पण पाणी गढूळ असल्यास तेथेही परिणाम उणावतो. काळानुसार दिव्याची शक्ती क्षीण होते, निळसर उजेड मात्र दिसत राहतो. खरे जंतुनाशक किरण डोळ्यांस दिसतच नाहीत.

आपल्या व्यवसायातही एक गैरसमज आढळतो. अतिनील पेटीत ठेवलेले बस्तिनेत्र, शस्त्रे वा विद्धकर्माच्या सुया निर्जंतुक झाल्या, असे मानले जाते. ही पेटी केवळ साठवणीसाठी आहे. पुन्हा वापरावयाची धातूची उपकरणे स्वच्छ धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सियसवर किमान १५ मिनिटे ठेवावीत. सुया एकदाच वापराव्यात. औषधनिर्मात्यांनीही चूर्णावर दिवा लावून समाधान मानू नये. किरण वरच्या थरापलीकडे जात नाहीत. वनस्पती नीट वाळविणे व ओलावा टाळणे यांना पर्याय नाही.

रुग्णांस व ग्राहकांस पुढील सूचना अवश्य द्याव्यात. दिवा चालू असताना खोलीत माणूस, पाळीव प्राणी वा झाडे नसावीत. हात किंवा त्वचा निर्जंतुक करण्यासाठी तो कदापि वापरू नये. पाऱ्याचा दिवा फुटल्यास खिडक्या उघडून खोलीबाहेर पडावे व तुकडे झाडूने लोटू नयेत. डोळ्यांचा त्रास बहुधा काही तासांनंतर सुरू होतो. म्हणून लाल डोळ्यांच्या रुग्णास घरात असा दिवा आहे काय, हा प्रश्न अवश्य विचारावा. साबण, पाणी, ऊन आणि खेळती हवा यांनी जे साधते, त्यासाठी महागड्या दिव्याची गरज नाही, हे सांगण्यात आपण संकोच करू नये.