तीन वाडग्यांचा एक
हाँगकाँगच्या शेउंग वान भागात को शिंग स्ट्रीटवर वनौषधींच्या दुकानांची रांग आहे. ऊन चुकवायला मी त्यातल्या एकात शिरलो, तर काउंटरवरच्या कागदावर किडे! नीट पाहिलं तर किडे नव्हेत, त्यांच्या काती. सिकाडा हा झाडाला चिकटून कर्कश किरकिरणारा किडा आपली कात खोडावरच सोडून जातो. पाय, डोळे सगळं जागच्या जागी, आत मात्र पोकळ. "खाजेवर," काउंटरमागचे आजोबा मोडक्या इंग्रजीत म्हणाले. त्या कातींपायी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

या काती ज्यात पडतात, त्या औषधाचं नाव श्याओ फंग सान, म्हणजे वारा घालवणारं चूर्ण. छन शिगोंग या शल्यवैद्याच्या १६१७ सालच्या ग्रंथातलं. खाज म्हणजे कातडीत शिरलेला वारा, आज इथे तर उद्या तिथे, असं चिनी वैद्यक मानतं. घटक तेरा; त्यातले ज्येष्ठमध, काळे तीळ आपल्या ओळखीचे. आजोबा खणांकडे न बघता खण उघडत होते, दांडीच्या छोट्या काट्यावर तोलत होते. कातींपाशी तेवढा हात हळू होई; जरा दाब पडला की चुरा. मग गिऱ्हाइकाला बजावणं: तीन वाडगे पाणी, आटवून एक. मागे चूल चालूच होती, ओल्या गोणपाटासारखा कडवट वास. मी निघालो तर मलाही बोटांनी दाखवलं: तीन, एक.

हा माणूस मला आवडला, म्हणून तर तेराव्या घटकाबद्दल लिहायलाच हवं. मु थोंग, वेलीच्या खोडाच्या चकत्या. याच नावाखाली ग्वान मु थोंग ही भलतीच वेल विकली जाई. तिच्यातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ब्रिटनमधले असे दोन रुग्ण नोंदवले; दोघंही इसबावर चिनी वनौषधी घेत होते. त्याच वर्षी लंडनच्या डॉक्टरांनी त्वचेसाठीची चिनी वनौषधींची ११ मलमं तपासली, तर ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं. खाज थांबणारच! २००३ मध्ये चीनने ग्वान मु थोंगची औषध म्हणून मान्यता काढून घेतली.

आजोबांना त्यांच्याकडच्या मु थोंगबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी खण ओढून एक चकती माझ्या तळहातावर ठेवली. मला बघून काय कळणार? असा काढा कुणी सुचवला, तर तेराव्या घटकाच्या नावावर थांबू नका. वेल कुठली, ते विचारा.