संकल्प सोडू नका, बेतात आणा!

भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं जरा मागे उलटून पाहा बरं. जानेवारीच्या पानावर माझ्यासारख्याच तुम्हीही लाल पेन्सिलीच्या खुणा केल्या असतील. रोज पहाटे तासभर चालणं, बारा सूर्यनमस्कार आणि दिवाळीपर्यंत आठ किलो वजन कमी! माझ्या खुणा मार्चमध्ये विरळ झाल्या (परीक्षेचे पेपर तपासायचे होते ना), आणि मेच्या पानावर उरला फक्त दुधाचा हिशेब. जूनमध्ये शाळा आणि पाऊस एकदमच आले. डब्यांच्या घाईत पहाटेचा तास गेला तो गेलाच.

तुम्ही म्हणाल, मग पुढच्या वर्षी बघू. मीही तेच म्हटलं होतं. पण माझ्या आईला मधुमेह आहे, म्हणून जुलैत रक्त तपासलं. दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी 'एचबीए१सी' तपासणी ६.० आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. शिवणाच्या डब्यातली टेप काढून कंबर मोजली, तर चौतीस इंच! आपल्याकडच्या बायकांची मर्यादा ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच.

तेव्हा नव्याने हिशेब मांडला. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या: वजन सात टक्के उतरवा आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम करा. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. माझं वजन ६८. म्हणजे आठ नव्हे, पावणेपाच किलो पुरेत! शिवाय सलग तासही नको. सलग दहा मिनिटं तरी हवीतच, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली काढून टाकली.

आता दुपारी आणि रात्री जेवण झालं की दहा-दहा मिनिटं चालते. जेवणावर चाललं की साखर फार चढत नाही. पाऊस असला तर गॅलरीत. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग हवा. शाळेतून येताना एक स्टॉप आधी उतरते. आठवड्यातून दोनदा हात न टेकता खुर्चीतून उठाबशा आणि भिंतीला हात लावून जोर. स्नायूंनाही काम हवंच. सूर्यनमस्कार मात्र सहाच, कारण गुडघा कुरकुरतो. (तुमचाही कुरकुरत असेल, किंवा साखरेची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.)

"दिवसभर घरकाम करतेच की!" असं म्हणू नका. फरशी पुसताना धाप लागते ती धरा, पोळ्या लाटणं धरू नका. आणि श्रावणातल्या उपासांवरही विसंबू नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट!

ऑगस्टच्या पानावर पुन्हा लाल खुणा आहेत. मध्ये चार दिवस पाहुणे होते, ती घरं कोरी आहेत. वजन दीड किलो उतरलंय. पुढची तपासणी ऑक्टोबरात. रात्री गॅलरीत आता सासूबाईही बरोबर येतात. तक्रार एवढीच, की माझ्या चपला फार वाजतात.